भामा धवलारणीचं औषध

भामाचं काम बसायचं होतं. तिला विचारलं असतं तर ती गायचं म्हणाली असती, पण आगऱ्यांच्या लग्नात ज्यांनी धवलारीण बघितलीय त्यांना माहितीय की गाणं नंतर, आधी बसणं. मांडवात तांदळाच्या पिठाचा चौक भरायचा, बाजूला पाटावर मांडी घालायची आणि नवरीला तेल चढून हळद लागेपर्यंत एकामागून एक धवले, म्हणजे लग्नविधीची गाणी, म्हणत राहायचे. मधे उठायचं नाही. भटजी येतो तो लग्नाला, हळदीचा दिवस सगळा धवलारणीचा, ती म्हणेल तेव्हा हळद आणि ती म्हणेल तेव्हा नवरीच्या अंघोळीचं पाणी.

हे सगळं तिला तिच्या आईनं शिकवलं, भात लावताना, मिठागरावर जाता येता, चुलीपाशी. आता भात नाही, मिठागर नाही, गावाच्या एका अंगाला खारघरचे टॉवर आणि दुसऱ्या अंगाला तळोज्याचा धूर, आणि हळदीला डीजे. पण डीजेवाल्या पोरांनाही माहितीय, भामामावशी पाटावर बसली की आवाज बंद. नवरा काशिराम गेला तेव्हा गावात कुजबुज झाली होती की आता विधवेला चौकाशी बसवायचं का. तेव्हा भामाची आई जिवंत होती. ती म्हणाली, तिचा नवरा गेला, तिचं गाणं नाय गेलं. तिथे विषय संपला. निदान भामाला तरी तसं वाटलं होतं.

मग गेल्या गणपतीनंतर तिला खाली खाज सुटायला लागली.

साधी नाही, अंगावर काटा येईल अशी. दह्याच्या चोथ्यासारखं पांढरं जायचं, लघवी करताना आग व्हायची, आणि मांडी घालून बसलं की जास्तच. मांडी घालून बसणं हेच जिचं काम तिनं काय करायचं? ती तुरटीच्या पाण्यानं धुवायला लागली. मग कडुनिंबाच्या. मग अंगाच्या साबणानं, अगदी आतपर्यंत, दिवसातून कितीतरी वेळा, आणि जितकं धुवावं तितकं चरचरायचं. शेवटी एका लग्नातली उरलेली हळद तिनं वाटीत घरी आणली. नवरीच्या अंगाची हळद, जिच्यावर तिनं स्वतः धवले म्हटलेले, ती कशी वाईट करेल? तिनं ती लावली आणि न्हाणीघरात तोंडात पदराचा बोळा कोंबून रडली, एवढी आग झाली.

पण आगीपेक्षा वाईट होतं ते डोक्यातलं. कारण गावात या आजाराचा एकच अर्थ होता. असलं काही बाईला पुरुषाकडून येतं. नवरा असलेल्या बाईला झालं तर बायका हसून सोडून देतात, नवऱ्याला चार शिव्या घालतात आणि संपतं. पण जिचा नवरा जाऊन इतकी वर्षं झालीत तिला कुठून आलं? हे ती स्वतःलाच विचारायची. असा कोणी नव्हताच, कधीच नव्हता, आणि तरी तिला चोरी केल्यासारखं वाटायचं.

ती मेडिकलवर गेली. मेडिकलमध्ये सुशांत, गावातलाच, दमयंतीचा मुलगा. ह्याच्या लग्नात ह्याला हळद भामानंच लावलेली. भामा दुसरी गिऱ्हाइकं जाईपर्यंत बिस्किटांचे पुडे बघत उभी राहिली.

"मावशी, काय देऊ?"

"खाजेचा मलम दे रं."

"कुठं खाज येतेय? हाताला, पायाला?"

"बायांचा हाय," ती म्हणाली, आणि सुशांतनं वर बघितलं, आणि त्या एका बघण्याला घाबरून तिच्या तोंडून निघून गेलं, "मना नाय. सुनेला पायजे."

त्यानं एक ट्यूब दिली. ती लावली की दोन दिवस बरं वाटायचं आणि मग दुप्पट.

सून किशोरी, मुलगा प्रणितची बायको. पनवेल शहरातली, बी.कॉम. झालेली, खारघरला एका ऑफिसात कामाला. तिला यातलं काहीच माहीत नव्हतं. एका रविवारी ती पिठाच्या गिरणीवर उभी होती तर दमयंती तिच्या बाजूला येऊन हळूच म्हणाली, "कसा हाय गो आता तुजा? आणि प्रणितला पन जरा इचार. न्हावा शेव्याला कंटेनरवर असतो ना, ट्रकवाल्यांची संगत. पुरुषाचा काय भरवसा."

किशोरीला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा ती पीठ तिथेच सोडून घरी आली. वाटेत तिनं प्रणितबद्दल काय काय विचार केला ते तिचं तिलाच माहीत.

"आई," ती दारातूनच म्हणाली, "मला कसला आजार झालाय?"

भामा भाकऱ्या थापत होती.

"अख्ख्या गावाला माहितीय. मलाच तेवढं माहिती नाही. प्रणितनं आणून दिलाय म्हणे. न्हावा शेव्यावरून."

भामाचा हात परातीतच राहिला. तव्यावरची भाकरी करपायला लागली तरी तिनं उलटली नाही, शेवटी किशोरीनंच गॅस बंद केला.

"तुला नाय झाला," भामा म्हणाली. "मना झालाय."

किशोरी रागानं भरून आली होती, भांडायला आली होती, आणि समोर सासू पिठाच्या हातांनी तोंड झाकून बसलेली. या बाईला तिनं काशिरामच्या वर्षश्राद्धालाही रडताना बघितलं नव्हतं. ती खाली बसली.

"कधीपासून?"

"गणपतीपासून."

"आई, गणपती होऊन चार महिने झाले."

"मी काय नाय केला गो. तुजी शपत. कोनाच्या वाऱ्याला पन उभी नाय राहिले मी."

तेव्हा किशोरीला कळलं की ही आजाराबद्दल बोलतच नाहीये. ही आपल्या चारित्र्याबद्दल बोलतेय. आणि किशोरीचा राग गेला असं नाही, दमयंतीचं बोलणं नंतर कितीतरी दिवस तिच्या मनात ठसठसत होतं, पण त्या वेळी ती फक्त एवढंच म्हणाली, "हात धुवा. उद्या मी सुट्टी टाकते."

पनवेलला स्टेशनच्या अलीकडे एका जुन्या बिल्डिंगमध्ये हेतल मॅडमचा दवाखाना होता. बाहेर बाकावर पोटुशा पोरी आणि त्यांच्या आया, आणि त्यांच्यात भामा, पदर कपाळापर्यंत ओढलेला. कोणी ओळखीचं दिसलं तर सांगायला तिनं कंबरदुखी ठरवून ठेवली होती.

हेतल मॅडमनी आधी विचारलं, मग तपासलं, कापसाच्या काडीवर तिथलं थोडं पांढरं घेतलं, काचेच्या पट्टीवर लावून बघायला आत पाठवलं. भामा छताकडे बघत पडून होती. तपासताना मॅडम म्हणाल्या, "मावशी, सोललंय सगळं. काय लावलं होतं?"

भामानं सांगितलं. तुरटी, साबण, मलम. हळदीचं सगळ्यात शेवटी.

"नवरा?"

"नाय. नऊ वर्सं झाली."

मॅडम मान वर न करता लिहीत राहिल्या. भामा वाट बघत होती की आता ही विचारेल, आता बघेल. मॅडमनी विचारलं ते भलतंच. "तहान फार लागते का? लघवीला सारखं उठावं लागतं?"

लागत होतं. भामाला वाटायचं वय झालं. मॅडमनी तिथल्या तिथे बोटाला सुई टोचून साखर बघितली आणि आकडा बघून किशोरीला दाखवला.

"हे बघा मावशी. ही बुरशी आहे. पावावर धरते ना, तशीच. ती सगळ्याच बायकांच्या अंगात थोडी थोडी असते, काही करत नाही. पण साखर वाढली की तिला खायला मिळतं आणि ती माजते. तुम्हाला डायबेटिस आहे, तुम्हाला माहीत नव्हतं, तिनं मात्र ओळखलं. आणि एवढं आत धुतलंत, तिथलं जे चांगलं असतं तेही वाहून गेलं."

"पन ह्या मानसाकडून येतो ना?"

"काही आजार येतात. हा नाही. लग्न न झालेल्या मुलींना होतो, म्हाताऱ्यांना होतो. माझ्याकडे रोज येतात."

भामानं विचारलं, "म्हंजे माजा काय चुकला नाय?"

मॅडम पेन खाली ठेवून म्हणाल्या, "चार महिने सोसलंत, तेवढंच चुकलं."

औषध साधंच होतं. साखरेच्या गोळ्या रोज पोटात घ्यायच्या. आणि दुसऱ्या, लांबट, त्या गिळायच्या नाहीत, झोपताना बोटानं आत, जाईल तेवढ्या खोल ठेवायच्या, रोज एक, पाकीट संपेपर्यंत. मॅडमनी दोनदा सांगितलं, बरं वाटलं तरी मधे सोडायचं नाही. आतून साबण नाही, तुरटी नाही, ती ट्यूब फेकून द्या. दिवसा थोडं पांढरं औषध बाहेर येईल, घाबरायचं नाही, पॅड लावा.

दुसऱ्याच दिवशी खाज कमी झाली. तिसऱ्या रात्री भामा सलग झोपली, आणि सकाळी उठून अंगण झाडताना गुणगुणायला लागली तर किशोरीनं आतून प्रणितला फोन करून ऐकवलं.

आणि इथेच भामानं घोळ घातला.

हितेश नावाच्या एका मुलाची हळद आली. तळोज्याच्या बाजूचं गाव, आमंत्रण कधीचं घेतलेलं. आदल्या संध्याकाळी भामानं पॅड हातात घेतलं आणि ती तशीच उभी राहिली. तिची पाळी जाऊन चार वर्षं झाली होती. त्याआधी आयुष्यभर एक नियम, जो तिच्या आईनं पाळला आणि तिनं पाळला, की कापड घेतलेलं असताना चौकाशी बसायचं नाही. कितीतरी लग्नं तिनं त्यासाठी सोडली होती. पाळी गेली तेव्हा इतर बायका हळहळतात, ती खूश झाली होती, आता कुठलंच लग्न सोडायला नको. आणि आता परत हे. रक्त नसलं म्हणून काय झालं, अंगातून काहीतरी जातंय आणि त्याला कापड लावलंय. नवऱ्यामुलाच्या हळदीला अशी कशी बसू?

तिला बरं तर वाटतच होतं. त्या रात्री तिनं गोळी ठेवली नाही. उरलेलं पाकीट तिनं साड्यांच्या घडीत सरकवलं आणि किशोरीनं विचारलं तेव्हा म्हणाली, संपला.

हितेशची हळद छान झाली. पण पुढच्याच आठवड्यात परत सुरू झालं, आणि या वेळी असं की बसवेना. त्यात एक हळद होती, आणि तिथे, नवरीला तेल चढत असताना, अर्ध्या धवल्यात भामा उठली. नुसती उठली आणि मांडवाच्या बाहेर गेली. आयुष्यात पहिल्यांदा. बायका एकमेकींकडे बघत राहिल्या, नवरीची आई रडायला लागली, आणि नवरी तेल लावलेल्या अंगानं तशीच पाटावर बसून. कोणीतरी मग मोबाईलवर गाणं लावलं.

हे गावोगाव गेलं. धवलारीण चौकातून उठली.

नेमकी त्यानंतर रियाची हळद होती. रिया म्हणजे शेजारच्या चंद्रावतीची मुलगी, भामाच्या डोळ्यांदेखत वाढलेली. चंद्रावती एका दुपारी आली, चहा घेतला, उगाच इकडचं तिकडचं बोलली आणि मग म्हणाली, "वयनी, राग नको मानू. सासूबाय बोलतात पेनची कोन एक धवलारीन हाय, तिला बोलवूया का. तुजी तब्येत बरी नसते म्हनून."

चंद्रावतीची सासू म्हणजे ठमाबाई. गावातली सगळ्यात म्हातारी बाई. ठमाबाईच्या मांडवात भामा नाही, म्हणजे पुढच्या कुठल्याच मांडवात नाही. हे चंद्रावतीला माहीत होतं, म्हणून ती कप खाली ठेवताना भामाकडे बघत नव्हती.

"मी सांगते दोन दिवसांत," भामा म्हणाली.

त्या दिवशी तिनं किशोरीला साड्यांच्या घडीतलं पाकीट काढून दाखवलं. किशोरीनं उरलेल्या गोळ्या मोजल्या. मग म्हणाली, "आई, मी तुमच्यासाठी ऑफिसात खोटं बोलून सुट्टी घेतली होती." आणि दुसऱ्या दिवशी परत घेतली.

हेतल मॅडम ओरडल्या नाहीत. त्यांनी विचारलं, का सोडलं? भामानं चौकाचं सांगितलं, कापडाचं, आईचं. मॅडमनी पूर्ण ऐकून घेतलं.

"तुमच्या देवाचं मला कळत नाही मावशी, ते तुम्ही ठरवा. मी बुरशीचं सांगते. अर्धी मारून सोडली की उरलेली जोरात येते. आता औषध जास्त दिवस लागेल. आणि साखर खाली यायलाच हवी, नाहीतर कितीही गोळ्या दिल्या तरी ही परत परत येणार."

किशोरीनं दवाखान्यातच मोबाईलवर तारखा बघितल्या. रियाची हळद औषधाच्या बरोब्बर मधे येत होती.

"हळदीपुरतं थांबवायचं नाही," किशोरी म्हणाली.

"नाय थांबवत."

"मग जाणार नाही?"

पनवेलहून येताना रिक्षातून उतरल्यावर भामा घराकडे वळलीच नाही, सरळ ठमाबाईच्या दारात गेली. किशोरी मागे मागे.

ठमाबाई ओटीवर खाटेवर बसलेली, पाय लांब करून, समोर सुक्या बोंबलांची टोपली, डोकी मोडत होती.

"ये भामे. पेनवालीचा आयकला म्हनून आलीस ना?"

"नाय काकी. तुमाला सांगाला आलेय." भामा खाली जमिनीवर बसली. "मना बायांचा आजार झालाय. आत खाज सुटते. त्या दिवशी म्हनून उठले."

ठमाबाईचा हात थांबला नाही. "तुला? तुजा कोन हाय आता?"

किशोरी पुढे झाली होती, भामानं तिला हातानं मागे केलं. "कोन नाय. डॉक्टरीन बोलली साखरेनं होतो. साखर हाय मना. औषध चालू हाय, आत ठेवाचा असतो. दिवसभर थोडा थोडा जातो, त्याला कापड लावाला लागतो. रियाच्या हळदीला पन चालू असंल. मी मागच्या टायमाला सोडला तर परत आला. आता नाय सोडनार." ती थांबली. "मांडव तुमचा हाय. कापड लावून चौकाशी बसू का नको, तुमी सांगा. नको बोललात तर पेनवालीला मीच फोन करते."

ठमाबाई बराच वेळ बोंबील मोडत राहिली. आत चंद्रावती दाराआड येऊन उभी राहिल्याचं बांगड्यांवरून कळत होतं.

"पाली हाय का ती?" ठमाबाईनं शेवटी विचारलं.

"नाय. पाली कवाच गेली."

"मग औषधाला काय पाली बोलाचा?" ती म्हणाली. "माज्या कमरेला तर ही चंद्री बारक्या पोरांची असते तसली चड्डी बांधते. मुतते मी त्यात. चार वर्सं झाली. तशीच जाते ना मी देवक आनाला? मना कोनी बोलला, म्हातारे, मागं हो?" तिनं टोपली बाजूला सारली. "मना कोनी इचारला नाय, मी पन सांगितला नाय. तू सांगतेस म्हनून सगला इस्कोट."

भामानं खाली पडलेलं बोंबलाचं एक डोकं उचलून टोपलीत टाकलं.

"बस," ठमाबाई म्हणाली. "पन उठायचा असंल तर आताच सांग. माजी नात मांडवात रडाला नको."

"नाय उठनार."

"काय भरवसा?"

"औषध घेतेय ना," भामा म्हणाली.

दाराआडून चंद्रावती चहा घेऊन आली, भामाचा बिनसाखरेचा. ऐकत होती म्हणजे सगळं.

हळदीला मांडव भरलेला होता. आधीच्या हळदीतल्या काही बायका मुद्दाम आलेल्या, दमयंतीही आली होती, आणि सगळ्या नवरीकडे बघायचं सोडून भामाकडे बघत होत्या. भामानं चौक भरला. पाटावर मांडी घातली. किशोरी तिच्या मागे बसली, कारण धवलारणीच्या मागे ओळ धरायला कोणीतरी लागतं आणि बाकी कोणी पुढे आलं नव्हतं. तिला सगळे शब्दही येत नव्हते. डीजे बंद झाला.

पहिल्या धवल्यात भामाचा आवाज जरा कापला. दुसऱ्यात स्थिरावला. मधे तिला कळलं, औषध थोडं बाहेर येतंय, कोमट, आणि तिच्या आईचा चेहरा तिच्या डोळ्यांसमोर आला, आणि तिची ओळ अडली, अगदी एक श्वासभर. सगळ्या मांडवाला ते ऐकू आलं. ठमाबाई समोर खुर्चीत बसलेली, तिनं डोळे मिटलेलेच होते, ते तिनं उघडले नाहीत. मागून किशोरीनं मागचीच ओळ परत म्हटली, चुकीच्या चालीत, पण म्हटली. भामानं ती तिच्या तोंडातून उचलली आणि पुढे गेली.

रियाला तेल चढलं, मग हळद लागली. आई, मावश्या, काकवा, एकेक करून पुढे आल्या. भामा एकदाही उठली नाही.

शेवटचा धवला संपला तेव्हा तिचे पाय बधिर झाले होते. ती किशोरीच्या खांद्यावर हात टेकून उभी राहिली आणि पदर सावरत हळूच म्हणाली, "मागं बग गो."

किशोरीनं मागं बघितलं. साडी कोरडी होती.

"काही नाही, आई."

"मग पानी आना," भामा मोठ्यानं म्हणाली, आणि बायका घागरी घ्यायला उठल्या.